‘कान वाजतात’ असे म्हणण्यापूर्वी

मागच्या महिन्यात संगणक कक्षात सातवीचा तास चालू होता. खिडकीजवळ बसलेली एक मुलगी हात वर करून म्हणाली, “बाई, लॅपटॉपमधून शिट्टी वाजतेय.” आम्ही लॅपटॉपला कान लावला. काहीच ऐकू आले नाही. “तुझे कान वाजत असतील, फळ्याकडे बघ,” असे म्हणून आम्ही पुढे शिकवू लागलो. थोड्या वेळाने तिच्या शेजारणीने तेच सांगितले, मग मागच्या बाकावरच्या दोघांनी.

शेवटी आम्ही एक साधी परीक्षा घेतली. मुलांना पाठ करून बसवले आणि आवाज आला की हात वर करायला सांगितले. चार्जरची पिन लॅपटॉपला हळूच लावायची, पुन्हा काढायची. एकदा तर नुसता हात लावल्यासारखे केले. आमच्या दृष्टीने खोलीत शांतता होती. मुलांचे हात मात्र पिनेबरोबर बिनचूक वरखाली होत होते. चूक आमची होती. ती सर्वांसमोर कबूल करावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

खरे तर आम्हाला हे आधीच कळायला हवे होते. 1987-88 साली ‘रामायण’ मालिका चालू होती, तेव्हा आम्ही लहान होतो. शेजाऱ्यांच्या टीव्हीचा आवाज पूर्ण बंद असला तरी तो चालू आहे, हे आम्हाला जिन्यातूनच समजत असे. त्या काळच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर सेकंदाला 25 चित्रे उमटत आणि प्रत्येक चित्राच्या 625 रेषा असत. मुलांनो, गुणाकार करा: 15,625. टीव्हीतल्या गुंडाळीमधला प्रवाह सेकंदाला तितक्या वेळा झोके घेई आणि तेवढ्याच कंपनांची बारीक शिट्टी वाजे. आम्ही आईला सांगितले, तर ती म्हणाली, “कान वाजतात तुझे.” तेच वाक्य इतक्या वर्षांनी आम्ही आमच्या विद्यार्थिनीला ऐकवले!

चार्जरचेही असेच आहे. घरातल्या 230 व्होल्टच्या विजेपासून लॅपटॉपला लागणारी साधारण 20 व्होल्टची वीज करण्यासाठी चार्जरमधला इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. ही गती बहुधा माणसाच्या कानाच्या पल्ल्यापलीकडची असते. पण बॅटरी भरत आली की काम कमी उरते. मग वीज वाचवण्यासाठी चार्जर थांबत थांबत काम करतो आणि ही थांबण्या-चालण्याची लय ऐकू येण्याच्या टप्प्यात उतरते. प्रवाह बदलला की तांब्याच्या गुंडाळीला आणि तिच्या गाभ्याला सूक्ष्म हिसके बसतात. रस्त्यावरून ट्रक गेला की खिडकीची सैल काच थरथरते, तशीच गुंडाळी थरथरते. लॅपटॉपच्या आतल्या छोट्या गुंडाळ्या आणि सिरॅमिक कपॅसिटरही असेच वाजू शकतात.

मग आम्हाला ऐकू का येत नाही? कानाच्या आतल्या शंखात ध्वनी टिपणाऱ्या नाजूक पेशी असतात. सर्वांत उंच स्वर टिपणाऱ्या पेशी अगदी दाराशी असतात आणि वयाबरोबर त्याच आधी झिजतात. गेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत. मुलांचा कान 20,000 कंपनांपर्यंत पोहोचतो. पन्नाशीच्या पुष्कळ माणसांना 15,000 च्या पुढचे काही कळत नाही. याच फरकावर वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपल्टन यांनी 2005 साली दुकानासमोर रेंगाळणाऱ्या तरुण मुलांना पळवण्याचे यंत्र आणले. मुले त्यांच्याहून हुशार निघाली. त्यांनी तसलाच आवाज मोबाइलची रिंगटोन म्हणून घेतला, म्हणजे वर्गात फोन वाजला तरी शिक्षकांना पत्ता नाही! (विद्यार्थ्यांनी हा परिच्छेद केवळ ज्ञान म्हणून वाचावा.)

पालकांना धीर देण्यासाठी सांगतो, की ही एकसारखी बारीक शिट्टी बहुधा निरुपद्रवी असते. ज्याला ती ऐकू येते त्याचे लक्ष मात्र विचलित होते, म्हणून लॅपटॉप मधल्या सुट्टीत चार्ज करून तासाला बॅटरीवर चालवणे बरे. पण तडतड ऐकू आली, जळका वास आला, प्लग काळवंडला, चार्जर हात लावू नये इतका तापला किंवा लॅपटॉपच्या धातूच्या झाकणाला झिणझिण्या आल्या, तर लगेच मुख्य बटण बंद करून मोठ्यांना सांगावे.

दुसरा एक आवाज मात्र सगळ्यांनाच ऐकू येतो. स्नेहसंमेलनात लॅपटॉप ध्वनिवर्धकाला जोडला आणि चार्जर लावला की कधीकधी घुंऽऽ अशी घरघर सुरू होते. दोन उपकरणे दोन वेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडली गेली की असे होते. अशा वेळी प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याचा ‘उपाय’ काही जण सुचवतात. घरघर जाते, पण तिच्याबरोबर जीव वाचवणारी वाटही जाते. त्यापेक्षा दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर लावावीत.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे, की संगणक कक्ष आणि सभागृहाचे अर्थिंग दर वर्षी परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावे. माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. कोरड्या मातीत अर्थिंग दुबळे पडते, तेव्हा खड्ड्यात पाणी घालण्याचे काम कोणाकडे तरी नेमून द्यावे. नवे चार्जर घेताना दहा-वीस टक्के स्वस्ताईकडे न पाहता बीआयएसची नोंदणी खूण पाहावी. 2012 च्या सरकारी आदेशाने ती बंधनकारक झाली आहे.

आणि आम्हा शिक्षक-पालकांसाठी एकच नियम. मूल म्हणाले, “आवाज येतोय,” तर आधी “कुठून?” असे विचारायचे. उस्ताद अमीर खाँ यांच्या या गावात बारीक ऐकणाऱ्या कानाला मान आहे. आपल्या मुलांचे कान आपल्यापेक्षा तयार आहेत, आणि आज शिट्टीबद्दल गप्प बसवलेले मूल उद्या झिणझिण्यांबद्दल सांगायला येणार नाही.

त्या मुलीची आम्ही वर्गासमोर माफी मागितली. ती हसून म्हणाली, “बाई, आता ट्यूबलाइटचं पण सांगू का?”

सांग बाळ, सगळं सांग.