दुखत नाही, म्हणूनच दाखवा

महिनाभर कंबर दुखतेय म्हणून २६ वर्षांचा एक मुलगा आईला घेऊन माझ्याकडे आला होता. मलम, शेक, गोळ्या सगळं करून झालेलं. पोट तपासताना खोलवर काहीतरी घट्ट हाताला लागलं, म्हणून मी आईंना जरा बाहेर बसायला सांगितलं आणि अंडकोश तपासला. उजवी गोटी दगडासारखी कडक, डावीच्या दीडपट. "हे कधीपासून आहे?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "आठ महिने झाले असतील. पण दुखत नव्हतं ना, डॉक्टर."

दुखलं की दाखवायचं, ही आपली सवय एरवी बरीचशी चालून जाते. वृषणाच्या कर्करोगात मात्र ती घात करते, कारण ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. (अचानक असह्य दुखू लागलं, उलट्या होऊ लागल्या, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे सहा तासांच्या आत इलाज व्हावा लागतो. सकाळपर्यंत थांबू नका.)

हा आजार आपल्याकडे विरळा. वर्षाला लाख पुरुषांमागे एकालाही होत नाही. पण होतो तो पंधरा ते चाळिशीच्या वयात, म्हणजे कर्करोगाची शंका कुणाच्या मनातही येत नाही त्या वयात.

मग ओळखायचा कसा? आंघोळीच्या वेळी, गरम पाण्याने कातडी सैल झालेली असताना, प्रत्येक गोटी अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून पाहा. एक थोडी मोठी किंवा खाली असणं स्वाभाविक आहे. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं काही लागतं, तेही असायलाच हवं. तेवढ्यावरून घाबरून आलेले बरेच जण मी परत पाठवले आहेत. शंका घ्यायची ती गोटीतच असलेल्या कडक गाठीची, एक गोटी मोठी किंवा जड होत असेल त्याची, किंवा अंडकोशात नव्याने पाणी भरलं असेल त्याची. क्वचित छातीही स्त्रियांसारखी वाढते, कारण काही गाठी संप्रेरकं तयार करतात. दर महिन्याला तारीख लावून तपासा असा माझा आग्रह नाही, तसा फायदा सिद्धही झालेला नाही. पण आपलं नेहमीचं कसं लागतं हे माहीत असलं, तर बदल झालेला कळतो.

आता कंबरदुखीचा संबंध. गर्भात वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि मग खाली उतरतात. त्यांच्या रसवाहिन्या मात्र वरच, पोटाच्या मागच्या बाजूला जातात. म्हणून आजार पसरला की पहिल्या गाठी तिथे येतात आणि कंबर धरते. अंडकोशाच्या कातडीच्या रसवाहिन्या वेगळ्या, त्या जांघेत जातात. त्यामुळे "पाणी झालंय, सुईने काढू" असं कुणी म्हणालं तर आधी सोनोग्राफी मागा. आत कर्करोग असला तर त्या सुईने त्याला नवी वाट मिळू शकते. याच कारणाने शस्त्रक्रियाही जांघेतून करतात.

आमच्या व्यवसायालाही यात बोल लावायला हवा. सूज आली म्हटलं की न तपासताच अँटिबायोटिक लिहून देणारे कमी नाहीत. जंतुसंसर्ग असेल तर उतार पडतोच. दोन आठवड्यांत पडला नाही, तर तिसरं अँटिबायोटिक नको, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी हवी.

आणि हा बरा होणारा कर्करोग आहे. वेळेत आला तर शंभरातले पंचाण्णवहून अधिक बरे होतात. सिस्प्लाटिन या औषधामुळे पसरलेला आजारही बहुतेकदा आटोक्यात येतो. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये निदान झालं तेव्हा आजार फुफ्फुसं आणि मेंदूपर्यंत गेला होता, तरी तो बरा झाला. (पुढे उत्तेजकांपायी विजेतेपदं गेली, ती गोष्ट वेगळी.) माझा रुग्णही बरा झाला. पण सुरुवातीला आला असता तर कदाचित एका शस्त्रक्रियेवर भागलं असतं, त्याला केमोथेरपीच्या चार फेऱ्या घ्याव्या लागल्या.

त्याच्या आईंचा पहिला प्रश्न लग्नाचा होता. एक निरोगी वृषण संसाराला आणि मुलं होण्याला सहसा पुरेसं असतं. तरीही उपचारांआधी वीर्य गोठवून ठेवता येतं, ते स्वतःहून विचारा.

एक सांगणं लहान मुलांच्या आईवडिलांना. गोटी खाली उतरलेली नसेल तर पुढे या कर्करोगाचा धोका वाढतो. "मोठा झाला की उतरेल" म्हणत बसू नका. सहा महिन्यांचा होईपर्यंत उतरली नाही, तर बालशल्यचिकित्सकांना दाखवा. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झालेली बरी.

आणि तरुणांनो, सोबत आई किंवा बायको आहे, म्हणून जीभ रेटत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या: "गोटीला गाठ आहे, एकट्याने बोलायचं आहे." आम्ही बाकीच्यांना बाहेर बसवू.