औषध प्यायचं की घ्यायचं?
मनिलातला विद्यार्थी खाण्यापिण्याची इंग्रजी क्रियापदं शिकताना अडखळतो तो भलत्याच ठिकाणी. तागालोग या त्याच्या भाषेत 'काइन' म्हणजे खाणं. या शब्दाच्या पोटात 'उम्' सारला की 'कुमाइन', म्हणजे खाल्लं, 'कुमाकाइन', खातोय, आणि 'उम्' न सारता 'काकाइन', खाणार. ही कसरत लहानपणापासून करणाऱ्याला 'ईट'चं 'एट' होणं कितीसं जड? घोळ होतो साध्या गोळीवर. तिकडे औषध, अगदी कोरडी गोळीसुद्धा, पितात. म्हणून तो इंग्रजीतही 'ड्रिंक' म्हणतो आणि 'टेक' ही दुरुस्ती निमूटपणे गिळतो. (आपण तरी काय, गोळी खातो आणि सिगारेट पितो!) 'कागात'ला बाइट, 'लुनोक'ला स्वॉलो, इथवर जोड्या सरळ जुळतात. 'हिगोप'ला मात्र दोन वाटा फुटतात: बेतानं घेतलं तर सिप, भुरका मारला तर स्लर्प. आणि खरी पंचाईत 'पापाक'ची. भाताशी खायचा मासा किंवा मटण, भाताला हात न लावता, नुसतंच मटकावणं म्हणजे पापाक. भाताशिवाय जेवण नाही अशा घरातच हा शब्द जन्माला येणार. कोकणातल्या आजीला हा गुन्हा न सांगताही कळेल; इंग्रजीत त्यासाठी अख्खं वाक्य खर्ची पडतं.