शिवालय तीर्थाच्या पायऱ्यांसाठी ग्रामसभेला या!

जाहीर आवाहन

वेरूळच्या समस्त ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

घुश्मेची कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. रोज 101 पार्थिव शिवलिंगं पुजून ती ज्या तळ्यात विसर्जित करायची, ते तळं म्हणजे आपलं शिवालय तीर्थ. मालोजीराजांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. पुढे 18व्या शतकात होळकरांनी मंदिर नव्याने उभारलं. तीर्थाचं चारी बाजूंनी पायऱ्या उतरणारं दगडी कुंड आजही अहिल्यादेवींच्या नावाने ओळखलं जातं. 56 पायऱ्या आणि उतरताना लागणारी आठ छोटी देवळं. लेणी बघायला आणि ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला देशभरातून माणसं येतात, पण या पायऱ्यांपर्यंत त्यातली फार थोडी पोहोचतात.

अशा कुंडाची पायरी एका दिवसात ढासळत नाही. आधी सांध्यातला चुना झिजतो. तिथे पिंपळ-उंबराचं रोप रुजतं. मुळं दगड सरकवतात आणि फटीतून पावसाचं पाणी मागच्या भरावात मुरतं. भराव फुगला की तो पायऱ्यांना आतून रेटतो. एक पायरी खचली की वरच्या पायरीचा आधार जातो. म्हणूनच आज थोडक्यात होणारं काम दहा वर्षांनी आवाक्याबाहेर जातं. घाईने सिमेंट थापणं हा उपाय नव्हे. सिमेंटमुळे मुरलेलं पाणी आतच कोंडतं आणि जुना दगड फुटू लागतो. चुन्याचं काम जाणणारे कारागीर, वारसा जतनाचे वास्तुतज्ज्ञ आणि पुरातत्त्व विभागाची देखरेख, तिन्ही हवेत. त्यासाठी सरकारी निधी हवा. वर्गणीतून झाडलोट होईल, दगड पुन्हा जागेवर बसणार नाहीत.

निधीच्या वाटा आहेत. अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त 6 मे 2025 रोजी चौंडीला राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. त्यांच्या काळातले तलाव, विहिरी, घाट आणि कुंडं मिळून 34 जलाशयांच्या दुरुस्तीसाठी तिथे 75 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. त्याआधी 2023मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या मंत्रिमंडळ बैठकीनंतर घृष्णेश्वर विकासासाठी 156 कोटींहून अधिक रकमेची घोषणा झाली होती. जिल्हा वार्षिक योजनेतूनही गडकिल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकांसाठी 3 टक्क्यांपर्यंत निधी देण्याची तरतूद आहे. पण बैठकीत जाहीर झालेला पैसा आपोआप पायरीपर्यंत येत नाही. त्याला गावाचा ठराव लागतो, अंदाजपत्रक लागतं आणि पाठपुरावा करणारी माणसं लागतात.

येत्या ग्रामसभेत आपण तीन मागण्यांचा ठराव करू या.

1. शिवालय तीर्थाच्या पायऱ्या, भिंती आणि आठही देवळांची तज्ज्ञांकडून पाहणी करून पावसाळ्यापूर्वी अंदाजपत्रक तयार करावं.

2. कुंडाच्या दुरुस्तीसाठी वरीलपैकी कोणत्या योजनेतून किती रक्कम मिळणार, हे लेखी कळवावं. रक्कम ठरलेली नसेल, तर जिल्हा नियोजन समितीने ती चालू वर्षातच मंजूर करावी.

3. कामाचा नकाशा, खर्च आणि मुदत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

ठरावाची प्रत जिल्हाधिकारी, पालकमंत्री, आमदार, खासदार आणि पुरातत्त्व विभाग यांना द्यायची आहे. सोबत घरटी एक सही हवी. पूजासाहित्याचे दुकानदार, हॉटेलवाले, रिक्षावाले, गाइड, पुजारी, शेतकरी, सगळ्यांची.

सह्या होईपर्यंत एक काम आपल्याच हातात आहे. निर्माल्य, प्लास्टिक आणि जुन्या तसबिरी कुंडात टाकू नका. परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या गावकऱ्यांनी आधी स्वतःच्या हाताने बारव साफ केली, मग महाराष्ट्राची नजर तिकडे वळली. घरात जुने फोटो असतील तर तेही घेऊन या. कोणती पायरी पूर्वी कशी होती, हे दाखवायला तोच आपला पुरावा.

या गावाने लेणी जगाला दाखवली. आता आपल्या तीर्थाची जबाबदारी आपण घेऊ या. ग्रामसभेला नुसते येऊ नका, शेजाऱ्यालाही सोबत आणा आणि ठरावावर सही करूनच घरी जा.

आपले,
शिवालय तीर्थाच्या परिसरातले रहिवासी, वेरूळ