स्टीलच्या कचऱ्यापासून रस्ता: खडी टिकणार की फुगणार, हे मायक्रोस्कोप कसा सांगतो?

धानोरा असो की नंदुरबारमधलं दुसरं गाव, रस्त्याची खडी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो डोंगर फोडून काढलेला काळा दगड. पण शेजारच्या सुरतमध्ये, हजिऱ्याला, २०२२ मध्ये स्टील कारखान्याच्या स्लॅगपासून सहापदरी रस्ता तयार झाला. जानेवारी २०२४ मध्ये रायगडमध्ये मुंबई-गोवा महामार्गाच्या १ किलोमीटरच्या अशाच टप्प्याचं उद्घाटन झालं. त्यासाठी डोलवीच्या जेएसडब्ल्यू प्लांटमधल्या सुमारे ८० हजार टन स्लॅगवर प्रक्रिया करून खडी बनवली होती.

डोंगर वाचतो, कचराही कमी होतो. मग कुठलाही स्लॅग उचलून रस्त्यावर टाकला तर चालेल?

नाही.

स्लॅग म्हणजे काय?

लोखंड आणि पोलाद बनवताना भट्टीत चुना किंवा चुनखडी घालतात. ती धातूतली घाण धरून ठेवते. वितळलेल्या धातूवर तरंगणारी ही मळी म्हणजे स्लॅग.

मायक्रोस्कोपमध्ये काय दिसतं?

ब्लास्ट फर्नेसचा स्लॅग पाण्याच्या फवाऱ्याने झटक्यात थंड केला, तर स्फटिक बनायला वेळच मिळत नाही आणि काच तयार होते. ध्रुवीकृत प्रकाशात काच काळी दिसते, स्फटिक चमकतात. असा काचेसारखा स्लॅग सिमेंटमध्ये जातो.

पोलादाचा स्लॅग सहसा सावकाश थंड होतो, त्यामुळे त्यात स्फटिक असतात. तुकडा घासून गुळगुळीत केला की लोहाची ऑक्साइडं उजळ दिसतात, कॅल्शियम सिलिकेट करडं. या दाण्यांमध्ये कधीकधी कशाशीच संयोग न झालेला मोकळा चुना उरतो. खरा धोका तोच.

धोका का?

कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फुलतो. तसंच इथे होतं. मोकळ्या चुन्याचं आकारमान पाण्यामुळे जवळपास दुप्पट होतं. डांबराखाली हे घडलं तर रस्ता उचलला जातो, तडे पडतात. मॅग्नेशियम ऑक्साइडही फुगतं, पण हळूहळू. म्हणजे नुकसान उशिरा कळतं.

स्लॅगमध्ये एकूण कॅल्शियम किती, एवढ्या आकड्यावरून हे समजत नाही. तो सिलिकेटमध्ये बांधलेला आहे की मोकळा, हे पाहावं लागतं. म्हणून स्लॅग आधी उघड्यावर भिजवून मुरवतात किंवा त्याला वाफ देतात, आणि मग फुगण्याची चाचणी घेतात.

उद्या तुमच्या गावच्या रस्त्यावर स्लॅगची खडी आली, तर दोनच गोष्टी विचारा: हा स्लॅग मुरवलेला आहे का? आणि फुगण्याच्या चाचणीचा रिपोर्ट कुठे आहे?