आधी गेज लावा, मग इंजिन खोला!

स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याला आठवते सचिनची फेरारी 360 मोडेना. 2002 मध्ये भेट मिळालेली, आणि मग कस्टम ड्युटीवरून पेपरात गाजलेली. सिंदी मेघेला आमच्या मामांच्या दारात उभी असते ती तिची फार लांबची, गरीब नातेवाईक! अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने बनवलेली दोन सीटची रोडस्टर. फायबरची बॉडी, डोक्यावर छप्पर नाही, आणि उंची एवढी कमी की बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच. इंजिन मात्र इसुझूचं 1.8 लिटर पेट्रोल. हेच इंजिन हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसात आणि अॅम्बेसेडरमध्येही बसवलं होतं. म्हणजे रूप रेसरचं, पण काळीज कलेक्टर साहेबांच्या पांढऱ्या गाडीचं. सेवाग्रामच्या शेजारी अशी गाडी शोभते का, हा मामींचा प्रश्न आहे. त्यात मी पडत नाही.

मामांनी ती सेकंड हँड घेतली. तिसरे मालक. चार महिन्यांतच दुखणं सुरू झालं. नागपूरहून परत येताना बुटीबोरीच्या पुढे गाडी जरा पळवली की ऑइल प्रेशरचा काटा वर जाण्याऐवजी खाली यायचा. स्पीड कमी केला की पुन्हा ठीक. एका मोठ्या गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, काटा बघितला आणि निकाल दिला, "बेरिंग गेले. क्रँक ग्राइंड करावा लागेल, पूर्ण ओव्हरहॉल." एस्टिमेट ऐकून मामा दोन दिवस गप्प होते. गाडी विकायचीच भाषा सुरू झाली.

आता माझी लाज सांगतो. मी मेकॅनिकलचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. मला विचारलं तर मीही मान डोलावली! कारण व्हायवाला "लो ऑइल प्रेशरची कारणे सांगा" म्हटलं की आपण घडाघडा म्हणतो: ऑइल कमी, ऑइल पातळ, फिल्टर चोक, पंप झिजला, रिलीफ व्हॉल्व्ह अडकला, बेरिंग झिजले, सेंडिंग युनिट खराब. सात कारणं, सात मार्क. पण समोरच्या गाडीत यातलं कुठलं, हे कसं ओळखायचं ते कोणी विचारत नाही आणि आपणही विचारत नाही.

मामांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्रीकाका आहेत. सारा जन्म अॅम्बेसेडर खोलण्यात गेला. त्यांनी आधी पाना उचललाच नाही. विचारलं, "सकाळी थंड्या इंजनात काटा जास्त पडते का गरम झाल्यावर?" मामा म्हणाले, थंड असतानाच जास्त. काका हसले. "मंग बेरिंग कायले बदलता बाप्पा?"

मला घरी येऊन पुस्तक उघडावं लागलं. पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. पुढे बेरिंगच्या फटीतून ते सहजासहजी निसटत नाही म्हणून प्रेशर बनतं. फटीतली गळती क्लिअरन्सच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट तर गळती आठपट. त्यामुळे झिजलेल्या बेरिंगचं दुखणं दिसतं ते गरम, पातळ ऑइलवर आणि आयडलला, जेव्हा पंप हळू फिरतो. रेस केली की पंप जास्त ऑइल देतो आणि काटा चढतो. मामांच्या गाडीचं सगळं याच्या बरोब्बर उलट! रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असता तर काटा एका ठिकाणी रेंगाळला असता, असा चढून पडला नसता.

काकांनी सेंडिंग युनिट काढून त्या जागी साधा मेकॅनिकल गेज लावला. डॅशबोर्डच्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही, आणि लाल दिव्यावर तर मुळीच नाही. तो दिवा साधारण पाच-सात पौंडांच्या खाली प्रेशर गेल्यावर लागतो, म्हणजे दिवा लागला की इंजिन तिथेच बंद करायचं, घर गाठू म्हणायचं नाही. गेजवर आयडलला 18 पौंड, दोन हजार आरपीएमला 35, आणि तीन हजारांच्या पुढे काटा थरथरत वीसवर. दुखणं सक्शनला होतं. पंपाकडे ऑइल येतं ते बाहेरच्या हवेच्या दाबाने, आणि तो दाब फार तर एक बार. वाट चोंदली तर जोरात फिरणाऱ्या पंपाला ऑइल पुरत नाही, कॅव्हिटेशन होतं. थंड, घट्ट ऑइल तर आणखीच हळू येणार. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात आपण हेच सोडवतो की!

अजून एक खूण माझ्या नाकासमोर होती. ऑइल बदललं तेव्हा मॅन्युअलप्रमाणे मोजून भरलं, तर डिपस्टिक वरच्या खुणेच्याही वर ओली. आम्ही "मोजण्यात चूक झाली" म्हणून काढून टाकलं होतं. चूक मोजण्यात नव्हती, भांडंच लहान झालं होतं. गाडी जॅकवर घेतली तर सम्पच्या तळाला हा एवढा पोचा. आपल्या गल्लीतले स्पीड ब्रेकर तुम्हाला माहीत आहेतच, आणि गाडी ही अशी बुटकी! पोचलेला पत्रा आत स्ट्रेनरला जवळजवळ टेकला होता. शिवाय आधी कोणीतरी गॅस्केटला हात सैल सोडून सिलिकॉन फासलं होतं, त्याचे तुकडे जाळीत. सम्प ठोकून सरळ केला, जाळी साफ केली, नवी गॅस्केट, ऑइल, फिल्टर. शंका नको म्हणून काकांनी एक बेरिंग कॅप खोलून पाहिली. ठीक होती. सगळा खर्च एस्टिमेटच्या दहाव्या हिश्शाच्याही आत.

ते गॅरेजवाले लबाड होते असं मी म्हणणार नाही. मला भीती वेगळीच वाटते. ओव्हरहॉल केलं असतं तर सम्प उतरलाच असता, पोचा कोणीतरी ठोकून काढला असता, जाळी धुतली गेली असती. गाडी झकास चालली असती! आणि मामा, गॅरेजवाले, मी, आम्ही सगळे शपथेवर सांगितलं असतं की बेरिंगच गेले होते. चुकीचं निदान असं बरोबर ठरून जातं, आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या गाडीलाही तोच उपाय होतो.

म्हणून वर्कशॉपच्या सरांना माझी जाहीर विनंती आहे. आपल्या लॅबमधलं कट-सेक्शन इंजिन रंगवून छान ठेवलंय, पण त्याला कधी काही होत नाही. एक भंगारातलं, पण चालू इंजिन आणा. त्यात मुद्दाम एक दोष घाला. आम्हाला तो सांगू नका. एक गेज द्या, आणि पाना हातात देण्याआधी कागदावर लिहून घ्या: काय बिघडलं असावं, आणि ते नसेल तर गेज काय दाखवेल. पहिलं इंजिन आणायला मी येतो. मिस्त्रीकाकांना विचारून ठेवलंय, ते म्हणाले, "दोष मी घालून देतो, पोट्टे शोधतील तं पाहू."