बातमी फुकट, बातमीदार वाऱ्यावर

जुलै २०१५ मध्ये मीरा रोड येथे राघवेंद्र दुबे या स्थानिक साप्ताहिकाच्या संपादकांचा खून झाला. आपल्याच शहरातील ही घटना आपण किती लवकर विसरलो! त्यानंतर २०१७ साली राज्य विधिमंडळाने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा संमत केला; तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला मोटारीची धडक बसली, ते प्राणास मुकले आणि खुनाचा गुन्हा नोंदवला गेला.

कायदा घाव बसल्यावर धावून येतो. रोजची भाकर तो देत नाही. गावपातळीवरचा बातमीदार सकाळी महापालिकेत, दुपारी पोलीस ठाण्यात आणि सायंकाळी उत्तनला धावगी डोंगरावरील कचऱ्याची गाऱ्हाणी ऐकत उभा असतो. अशा कित्येकांना नियमित वेतन नाही. जाहिरातींवरील दलालीवर त्यांचा संसार चालतो. जाहिरात देणारे कोण? पुढारी आणि बांधकाम व्यावसायिक. ज्याला सकाळी जाब विचारायचा, त्याच्याच वाढदिवसाच्या शुभेच्छा सायंकाळी छापायच्या!

‘पत्रकार खंडणी मागतात,’ असे आपण सहज म्हणतो. काही मागतात, हे आम्ही नाकारत नाही. परंतु प्रामाणिक माणसाला उपाशी ठेवल्यावर त्या धंद्यात कोण टिकणार? आणि आपण तरी कोणते सोवळे? आपल्या सणाच्या स्मरणिका चाळून पाहा: त्याच पुढाऱ्यांची तीच हसरी छायाचित्रे! कचऱ्याच्या दुर्गंधीची बातमी यावी म्हणून बातमीदाराला बोलवायचे, चहा पाजायचा, आणि त्याचे साप्ताहिक मात्र शेजाऱ्याकडून मागून वाचायचे, ही आपली रीत.

१९२३ साली पोप अकरावे पायस यांनी संत फ्रान्सिस डी सेल्स यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा या संताने पत्रके लिहून ती घरोघरी दाराखालून सरकवली. सत्य दारापर्यंत नेणाऱ्याचा सण आपण २४ जानेवारीला साजरा करतो; आज तेच काम करणाऱ्याला मात्र दाराबाहेर उभे करतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक कुटुंबाने एका तरी प्रामाणिक स्थानिक पत्राची वर्गणी भरावी, आणि धर्मग्रामाच्या स्मरणिकेतून पुढाऱ्यांच्या जाहिराती हद्दपार कराव्यात. एवढेही जमणार नसेल, तर पुढच्या पत्रकाराच्या शवपेटीवर फुले वाहण्याचा अधिकार आपल्याला नाही.