परदेशात जाऊन पुन्हा गावच?

बँकेतून निवृत्त झालो तरी आमच्या मेहरूणात कोणाला कर्जाचा अर्ज भरायचा असला की तो आधी माझ्या ओट्यावर येतो. परवा शेजारचे नाना आले ते एका हातात बोरांची पिशवी आणि दुसऱ्या हातात घराचा सिटी सर्व्हेचा उतारा घेऊनच. मागे वहिनी आणि मुलगा. मुलगा जळगावातच इंजिनिअर झाला, दोन वर्षे एमआयडीसीत नोकरी केली आणि आता पुढे शिकायला ऑस्ट्रेलियाला निघाला आहे. एजंटाने मेलबर्नचे कॉलेज सुचवले आहे. त्याची आत्या मात्र फोनवर म्हणते, मेलबर्न राहू दे, आमच्या बेंडिगोला ये. गाव लहान आहे, पण पुढे राहायची वाट इथूनच सापडेल.

वहिनींना ते पसंत नव्हते. "भाऊ, घर तारण टाकायचं, पोरगा परदेशात पाठवायचा, आणि तिथंही त्यानं पुन्हा गावातच राहायचं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आत्या सांगते ती वाट अशी: ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०१९ पासून ४९१ क्रमांकाचा व्हिसा सुरू केला. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे सोडली तर उरलेला सारा देश त्यांच्या लेखी 'रीजनल'. तेरा-चौदा लाख वस्तीचे ॲडलेडही त्यातच. (२०११च्या जनगणनेत आपले जळगाव साडेचार लाखांच्या थोडे वर होते. आपण कोणत्या रकान्यात बसलो असतो, हे न विचारलेले बरे.) हा व्हिसा पाच वर्षांचा. त्या भागात तीन वर्षे राहायचे, काम करायचे, प्राप्तिकराचे कागद दाखवायचे आणि मग कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचा. यासाठी एखाद्या राज्याने तरी शिफारस करावी लागते, नाहीतर त्या भागात कायमच्या राहणाऱ्या नातेवाइकाने. नातेवाइकांत आत्या, मावशी, काका, मामा येतात, सख्खी भावंडे येतात, चुलत, मामे, आते, मावस भावंडेही येतात. त्या शिफारशीचे १५ गुण, आणि त्याच भागात शिकलेल्याला आणखी ५. मात्र किमान ६५ गुण भरले म्हणजे बोलावणे येतेच असे नाही, आणि यादीतला व्यवसाय नसेल तर आत्या कितीही प्रेमळ असली तरी काही करू शकत नाही.

मला स्वतःला ही पद्धत आवडते. लहान गावाला शिकलेली माणसे हवी आहेत हे तिथले सरकार उघडपणे मान्य करते आणि त्यासाठी काहीतरी मोजते. आपल्याकडे पोराने चोपड्याला किंवा शिरपूरला नोकरी धरली तर नातेवाईक दबक्या आवाजात विचारतात, पुण्याला काही जमले नाही का? तोच पोरगा बेंडिगोला गेला की पेढे वाटतात.

पण नियमाने माणूस गावात येतो, टिकतो का? याचा थोडा अनुभव माझ्या गाठीशी आहे. १९७७ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना अट घातली होती की, शहरात एक शाखा उघडायची तर बँक नसलेल्या खेड्यांत चार उघडा. १९९० पर्यंत ती अट चालली आणि तिच्यामुळे शाखा कुठेकुठे पोचल्या. शाखा झाल्या तेव्हा अधिकारी हवेत, म्हणून बढती पाहिजे तर ठरावीक वर्षे ग्रामीण भागात काढा, असा आम्हाला नियम. मी ती धडगावला काढली. तेव्हा ते धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. बायको-मुले मेहरूणला. शनिवारी दुपारी शाखा बंद झाली की मी शहाद्याची एसटी गाठायचो. टेबलाच्या खणात एक कॅलेंडर होते, त्यावर दिवस खोडायचो. तीन वर्षांत पावरी बोलीची दहा वाक्येही मला धड आली नाहीत.

माझ्यासोबतचा एक अधिकारी मात्र बायको-मुलीसह तिथे राहायला आला. मुलीला गावच्या शाळेत घातले. बाजाराच्या दिवशी तो काउंटरबाहेर उभा राहून लोकांशी त्यांच्या बोलीत बोलायचा. बदलीचा आदेश आला तेव्हा त्याने मुदत वाढवून मागितली. माझा आदेश आला तेव्हा मी त्याच संध्याकाळी बॅग भरली. माझ्या जागी आलेल्याला तिथल्या कर्जदारांनी आपल्या विहिरीची, बैलांची, थकलेल्या हप्त्याची हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली असणार. माझ्या आधीच्याला सांगितली होती, मलाही सांगितली होती. गावाचे नुकसान होते ते असे, आणि ते कोणत्याही ताळेबंदात येत नाही.

कॅनडाने वेगळे केले. तिथले प्रांत आपापली माणसे निवडतात. मॅनिटोबा १९९८ पासून निवडते आहे. निवड झाली आणि केंद्राची मंजुरी मिळाली की कायम वास्तव्य लगेच हाती, आणि मग घटनेनेच कोणत्याही प्रांतात राहण्याची मोकळीक. थांबला तर त्या प्रांताचे नशीब. ऑस्ट्रेलिया म्हणते, आधी राहून दाखवा. दोघांपुढे प्रश्न एकच: तीन वर्षांनंतर चौथ्या वर्षी तो माणूस तिथे का राहील?

नानांच्या मुलाला मी हेच विचारले. व्हिसा मिळेल की नाही ते राहू दे. त्या गावात दहा वर्षे राहशील का? तो गप्प बसला. हा विचार त्याला कोणी करायलाच लावला नव्हता. एजंटाच्या कागदावर फी, गुण, तारखा सगळे होते. उद्या लग्न झाले तर बायकोला तिथे काम मिळेल का, आजारपणात डॉक्टर किती लांब, हे कुठेच नव्हते.

राहिले कर्ज. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असते. माझे मत नानांना पटले नाही, तरी इथे सांगतो. कर्ज शिक्षणाच्या बळावर काढावे, व्हिसाच्या नव्हे. पदवी घेऊन मुलगा जळगावला परत आला तरी हप्ता फिटेल, एवढीच रक्कम उचलावी. कारण नियम आपल्या हातात नाहीत. शिक्षणानंतर तिथे काम करण्यासाठी जो व्हिसा मिळतो, त्याची वयोमर्यादा १ जुलै २०२४ पासून बहुतेकांसाठी पन्नासवरून पस्तीसवर आली. चाळिशीतल्या ज्यांनी घर तारण ठेवले असेल त्यांचा हिशेब एका दिवसात चुकला. नानांचा मुलगा सव्वीसचा आहे, त्याला याची झळ नाही. उद्या दुसऱ्या कशाची लागेल.

उतारा मी नानांना परत दिला. आधी आत्याशी नीट बोला, म्हटले, आणि गुणांचे विचारू नका. तिचा तिथला पहिला हिवाळा कसा गेला ते विचारा. रविवारी सकाळी फोन लावायचा ठरले आहे. तिकडे तेव्हा दुपार असते. वहिनी म्हणाल्या, मीच बोलते.